पोटाखालचा पेंढा

माघ लागला की आमच्या खोलीतली खाट दोन विटांनी उंच व्हायची. खाटेखाली कलिंगडं रचायला जागा हवी म्हणून. काळाचौकीच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एकच खोली, आणि तीत आई, बाबा, मी, माझा धाकटा भाऊ आणि तीन महिने कलिंगडं. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. रात्रपाळी करून सकाळी येऊन आडवे व्हायचे, आणि नेमकं त्याच वेळी आई खाटेखाली हात घालून एकेक कलिंगड बोटाच्या पेरांनी वाजवून बघायची. ठक ठक, मग जरा थांबून पुन्हा ठक. बाबा डोळे न उघडता म्हणायचे, "अगं, मेलेल्या माणसाला जाग येईल." आई म्हणायची, "तुम्ही झोपा. पिकलेलं वेगळं बोलतं, ते मला ऐकू येऊ दे." मला लहानपणी खरंच वाटायचं, की कलिंगडं आईशी बोलतात आणि बाबांना ती भाषा येत नाही.

कलिंगडं मामाच्या मळ्यातली. आईचं माहेर खाडीपलीकडे, अलिबागच्या अलीकडच्या एका गावात. तिथे भात कापून झालं की त्याच शेतात नारायणमामा कलिंगडाचे वेल लावायचा. शेताच्या कोपऱ्यात खणलेल्या खड्ड्यातून कळशीने पाणी काढून एकेका वेलाला घालायचा. माल तयार झाला की शिडाच्या मचव्यात भरून भाऊच्या धक्क्यावर आणायचा, तिथून खटाऱ्यात घालून लालबागला. बाजाराच्या कोपऱ्यावर, एका बंद असलेल्या दुकानाच्या पायरीशी आईची बसायची जागा. थोडा माल तिथे, थोडा आमच्या खाटेखाली. हे सगळं आईच्या लग्नापासून ठरल्यासारखं चाललं होतं. तीन महिने आमच्याकडे भाजीसुद्धा कलिंगडाचीच असे. आतला पांढरा भाग चिरून, सुकट घालून आई अशी भाजी करायची, की बाबा दुसऱ्यांदा भात मागून घेत. बिया मिठाच्या पाण्यात टाकून गच्चीवर वाळवायच्या आणि तव्यावर भाजायच्या. अजूनही कुणाच्या घरी भाजलेल्या बियांचा वास आला की मला गिरणीचा भोंगा ऐकू येतो.

पण त्या वासाच्या जोडीला दुसराही एक वास असायचा, आणि त्याच्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. कुजलेल्या कलिंगडाचा. मामाचा माल आला, की चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाटेखाली कुठेतरी पाणी झिरपायला लागे. आई फडकं घेऊन पुसायची, सडलेलं फळ पाटीत घालून खाली उकिरड्यावर नेऊन टाकायची. धक्क्यावर उतरतानाच काही मऊ पडलेली निघत, बाजारात काही, घरात काही. किती गेली हे आई कुणाला सांगत नसे. मामा म्हणायचा, "कलिंगड हाय, दगड नाय. जायाचीच थोडी." आईही तेच म्हणायची. मीही तसंच धरून चालले होते.

मी नववीत असताना रथसप्तमीच्या सुमारास एक प्रकार घडला. आमच्याच मजल्यावरच्या सुर्वेवहिनींकडे हळदीकुंकू होतं. त्यांच्या मुलीच्या होणाऱ्या सासरच्या बायका येणार होत्या, म्हणून त्यांनी आईकडून सगळ्यात मोठं कलिंगड मागून घेतलं. आईने बाजारातल्या मालातून स्वतः निवडून, वाजवून दिलं. संध्याकाळी पाहुण्यांपुढे ते कापलं आणि आतून लगदा निघाला. वास सगळ्या गॅलरीत गेला. मी दारातच उभी होते. सुर्वेवहिनी ते अर्धं कलिंगड ताटाने झाकून आमच्याकडे घेऊन आल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही मुद्दाम दिलं नसणार, मला ठाऊक आहे." एवढंच म्हणून परत गेल्या. आई त्या ताटासमोर बसून राहिली. मग म्हणाली, "यापुढे मी नाही बसणार बाजारात. नारायणला कळवून टाका, पुढच्या वर्षी वेल लावू नको म्हणावं." बाबांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, पण ती भाताचं आधण ठेवायला उठली.

मामाने वेल लावले नाहीत तर काय होणार हे मला माहीत होतं. गावातले दोघे-तिघे शेत दुसऱ्याला देऊन गिरणीत बदली कामगार म्हणून आले होते आणि आमच्याच चाळीच्या जिन्याखाली झोपत होते. मामाला मी तिथे झोपलेला डोळ्यांपुढे आणला, आणि ते मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी मी ते अर्धं कलिंगड वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि शाळेत नेलं. आम्हाला विज्ञान शिकवायला विजयकरबाई होत्या. शिवाजी पार्कजवळ राहायच्या. त्यांचं घराणं मुंबईतलं फार जुनं, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, आणि आमच्यासारख्या गिरणगावातल्या मुलींना त्यांची थोडी भीतीच वाटे. मधल्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलावर पुडकं ठेवलं, तसं त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"हे काय आणलंस, शालिनी?"

"बाई, हे का सडलं ते सांगाल?"

मला वाटलं रागावतील. त्यांनी कपाटातून भिंग काढलं आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी शेती कधी पाहिलेली नाही, त्यामुळे उगाच काही सांगणार नाही. पण हे बघ. देठाकडे ठीक आहे, वर ठीक आहे. सड या बाजूने आत शिरली आहे. ही कुठली बाजू?"

तिथली साल हिरवी नव्हती, पिवळट होती. मी म्हटलं, "ही जमिनीला टेकलेली बाजू. पोट म्हणतात त्याला."

"मग प्रश्न असा विचार. सगळी फळं पोटाकडूनच सडतात, की हे एकच? जे सडेल ते टाकण्याआधी बघ, सुरुवात कुठे झाली. आणि लिहून ठेव. आठवणीवर विसंबू नकोस, आठवण आपल्याला हवं तेच सांगते." आज आठवणीच लिहायला बसले आहे, तेव्हा बाईंचं हे वाक्य मला मधूनमधून टोचतं.

त्या हंगामाचा उरलेला माल येणारच होता, त्यामुळे आईला आणखी काही आठवडे बसावंच लागलं. मी रोज शाळेतून सुटल्यावर उकिरड्याकडे जाणारी पाटी अडवायची. मैत्रिणींनी माझं नाव "सडकी" ठेवलं. पण वहीचं पान भरत गेलं तसं मलाच नवल वाटायला लागलं. बहुतेक फळं पोटाकडूनच गेली होती. त्याखालोखाल देठाच्या जागी, कारण मामा फळ पिळून तोडायचा आणि देठ उपटून तिथे ओला खड्डा राहायचा. काही मचव्यात आणि खटाऱ्यात आपटून ठेचलेल्या जागी. चौथी गोष्ट मात्र लिहिताना माझा हात अडला. बाजारात कलिंगडं टवटवीत दिसावीत म्हणून त्यांच्यावर दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं आणि ओलं गोणपाट टाकायचं काम माझं होतं. मी हौसेने करायची. आणि गोणपाटाखालची फळं खाटेखालच्या कोरड्या फळांच्या आधी सडत होती. म्हणजे सुर्वेवहिनींच्या घरच्या त्या फजितीत माझाही हात होता.

वही बघून विजयकरबाई म्हणाल्या, "तुझ्या चारही गोष्टींत एकच गोष्ट आहे. ओल. ओली माती, ओली जखम, ओलं गोणपाट. साल कोरडी आणि धड असेल तर सडवणाऱ्या बुरशीला आत यायला वाट नाही. मामांना सांग, फळ मातीला टेकू देऊ नका. पण मळ्यात कसं करायचं ते त्यांनाच ठाऊक असेल." त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कोपऱ्यातलं गोणपाट उचललं, घट्ट पिळून गच्चीवर वाळत टाकलं. मामाला निरोप गेला नाही. वेल लागले.

पुढच्या हिवाळ्यात आई मला घेऊन माहेरी गेली. वेलांवर मुठीएवढी फळं धरली होती. मी वही उघडून मामाला वाचून दाखवायला लागले. फळ मातीला टेकू द्यायचं नाही, तोडणीआधी पाणी बंद करायचं, देठ पिळायचा नाही, कापायचा, हे सगळं बाईंचं नाव घेऊन. मामा खळ्यात दोर वळत बसला होता. त्याने पूर्ण ऐकलं, आणि मग आईला म्हणाला, "अक्का, शाळेतली बाई मला आता कलिंगड शिकवनार काय? तिनं मळा पायलाय?"

"नाही पाहिला," मी म्हटलं. "त्याच म्हणाल्या तसं."

"मंग? आमच्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानं असंच केलं. पानी तोडलं तर फळ वाढंल काय? देठ कापीत बसलो तर मचवा भरंल कधी?" तो रागावला नव्हता, दुखावला होता. इतकी वर्षं तो उन्हात कळशा वाहत होता, आणि चौदा वर्षांची भाची त्याला सांगत होती की ते पाणीच नडतंय. हे मला आता कळतं. तेव्हा मी वही मिटून रडायला लागले.

भागीमामी परड्यात वाल सोलत होती. ती फारशी बोलत नसे. लग्न होऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, मळ्यात मामाच्या बरोबरीने राबायची, पण मळ्याबद्दल तिला कुणी काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. ती माझ्याजवळ येऊन बसली. "पुन्हा वाच," म्हणाली. मी वाचलं. ती म्हणाली, "आपल्या गोठ्याजवळ एक वेल पेंढ्यावर चढलेला असतो बघ, दर वर्षी. त्याचं फळ कवाच सडत नाय. मी रोज बगते. मला वाटायचं, गुरांच्या जवळ हाय म्हणून दृष्ट लागत नाय." आणि ती हसली. रात्री जेवताना तिने मामाला सरळ सांगितलं, "खालचा अर्धा मळा औंदा माझा. मी माझ्या मनानं करीन." मामा म्हणाला, "कर. पेंढा संपला तर गुरांना काय घालशील ते पन बघ."

मामीने काय केलं ते तिनेच मला पुढे सांगितलं. फळ नारळाएवढं झालं तेव्हा प्रत्येकाखाली भाताच्या पेंढ्याची चुंबळ घातली. सडका वेल, मऊ पडलेलं फळ दिसलं की मळ्यात न ठेवता लांब नेऊन पुरलं. तोडणीच्या आठ दिवस आधी पाणी बंद केलं. दव सुकल्यावरच, म्हणजे उन्हं चांगली वर आल्यावर, विळ्याने बोटभर देठ ठेवून फळ कापलं. आणि मचव्यात स्वतः उतरून, प्रत्येक थरामध्ये कोरडा पेंढा घालून, आपला माल एका बाजूला लावला. मचवा हाकणाऱ्या तांडेलाला बजावलं, "या बाजूवर पानी मारायचं नाय."

तो मचवा धक्क्याला लागला त्याच दिवशी मुंबई बंद पडली. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमच्या गॅलरीतून बायका थाळ्या वाजवत घोषणा द्यायच्या, बाबा पाळी संपली की घरी यायच्या आधी सभेला जायचे. बंद आधीही झाले होते, एका दिवसात उठायचे. हा उठला नाही. रस्त्यावर गोळीबार झाला, संचारबंदी लागली, पलीकडच्या चाळीतला एक तरणा विणकर गेला. कुणाकडे चूल धड पेटत नव्हती. त्यातही आईच्या मनात एक घोर होता, आणि तो बोलून दाखवायची तिला लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी ती बाबांना म्हणाली, "नारायण धक्क्यावर एकटाच असेल हो. खटारा नाही, हातगाडी नाही. कुठे जाईल?" बाबा म्हणाले, "माणूस सुखरूप असला म्हणजे झालं. कलिंगडं गेली असं समज."

चौथ्या दिवशी सकाळी थोडे तास सूट मिळाली. आई आणि मी चालत निघालो. कॉटन ग्रीनवरून पुढे रस्ताभर दगड, काचा, जळलेल्या टायरचे काळे डाग. दुकानं बंद. पोलीस आमच्याकडे बघत होते, पण कुणी अडवलं नाही. धक्क्यावर पोचलो तर मामा एका ताडपत्रीच्या सावलीत गुडघ्यांत मान घालून बसलेला. दाढी वाढलेली. चार दिवस कुणा खलाशाने दिलेल्या भाकरीवर काढले होते. आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसा तो म्हणाला, "अक्का, बघू नको. सगळं गेलं."

पण सगळं गेलं नव्हतं. मचवा माल उतरवून निघून गेला होता, आणि तांडेलाने मामीचं सांगणं पाळून दोन ढीग वेगळे लावले होते. एका ढिगाखाली पाणी साचलं होतं आणि माश्या घोंघावत होत्या. उन्हाने तापू नये म्हणून मामा चार दिवस त्याच्यावर नळाचं पाणी आणून ओतत होता, ओली गोणपाटं टाकत होता. जितका जीव लावत होता तितकं ते सडत होतं. दुसरा ढीग पेंढ्यात होता. त्याच्यावर पाणी मारलं नव्हतं ते बायकोने सांगितलं म्हणून नव्हे, एवढं पाणी आणायची ताकद उरली नव्हती म्हणून. मी पेंढा बाजूला केला. फळं कोरडी, देठ वाळून ताठ. मी खालच्या थरापर्यंत गेले. ठेचलेली दोन-चार निघाली, बाकी धड. मामा जवळ येऊन उभा राहिला. त्याने एक कलिंगड उचललं, उलटं केलं आणि पोटावरून अंगठा फिरवला. सालीवर पेंढ्याच्या काड्यांचे वळ उमटले होते. तो ते फळ हातात घेऊन तसाच उभा राहिला. आई रडत होती, आणि मला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. त्या सडक्या ढिगाकडे बघवत नव्हतं.

आम्ही निघालो म्हणून मागोमाग बाबा चाळीतली माणसं घेऊन आले. गणपतीच्या वेळी सामान आणायला मंडळाची एक जुनी हातगाडी होती, ती त्यांनी ढकलत आणली. ज्यांच्या पोटात नीट अन्न नव्हतं अशा माणसांनी दोन खेपा करून तो ढीग काळाचौकीला पोचवला. सूट संपायच्या आत चाळीच्या पटांगणात आईने कलिंगडं कापली. त्या दिवशी तिने विकली नाहीत. शेजारी मयत झालेलं, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पोरं, म्हातारी, बंदोबस्तावरचा एक घामाघूम शिपाई, सगळे फोडी घेऊन भिंतीकडेला उभे राहून खात होते. आईने मोठी फोड विणकराच्या आईकडे नेली. मुलगा गेल्यापासून तिने तोंडात काही घातलं नव्हतं. तिने ती हातात धरली आणि मग खाल्ली.

आज माझी सून कापलेलं कलिंगड प्लास्टिकच्या डब्यातून आणते. पोट कुठलं, देठ कुठला, काही कळायची सोय नाही. मी खाते, चव चांगली असते. पण फळ हातात घेऊन उलटं करायची सवय गेलेली नाही, डबाच उलटा करते आणि नातवंडं हसतात.

शहर सुरू झालं तरी आमची शाळा आणखी काही दिवस बंद होती. मामा परत निघाला तेव्हा आईने मला त्याच्याबरोबर धाडलं. मामीला सगळं सांगायला कुणीतरी हवं, म्हणाली. होडीत मामा माझ्याशी फक्त एकदा बोलला. "तुझ्या बाईला सांग," म्हणाला, आणि पुढे काय सांगायचं ते त्याला सुचलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. मामी मळ्यातच होती. मी धावत जाऊन तिला सांगितलं. तिने पहिल्यांदा विचारलं, "त्यांनी काय खाल्लं चार दिवस?" मग कलिंगडांचं विचारलं. मी सांगत होते तेवढ्यात मामा गोठ्याकडून आला. डोक्यावर पेंढ्याचा भारा. वरच्या मळ्यात त्याच्या वाट्याची दुसऱ्या तोडणीची फळं अजून वेलावर होती. त्याने भारा बांधावर टाकला, एका फळाशी बसला आणि पेंढा हातात घेऊन तसाच थांबला.

"कसं घालतेस, दाव," म्हणाला.

मामी पदर खोचून त्याच्याशेजारी बसली. "वेल ओढायचा नाय. एका हातानं फळ जरासं उचलायचं, दुसऱ्या हातानं खालून सारायचं." मामाने केलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. तो ओळीने पुढे सरकत गेला, आणि मामी मागून येऊन त्याने घातलेली प्रत्येक चुंबळ गुपचूप नीट करत गेली. अर्ध्या ओळीत त्याने मागे वळून पाहिलं आणि ते त्याच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता उठून जाईल. तो उठला नाही. ती शेजारी येईपर्यंत पुढच्या फळाशी थांबला, ते उचलून धरलं आणि म्हणाला, "हे तू कर. मी बघतो."

तिने केलं. त्याने दोन्ही हातांनी ते फळ अलगद पेंढ्यावर टेकवलं.